वॉर्डातला हुकूम आला कुठून? युद्ध, हुकूमशाही आणि परिचर्येचा इतिहास

आबोली_फोंडा

नमस्कार. मी एकतीस वर्षे परिचारिका म्हणून काम केले आणि त्यांतील शेवटची बारा वर्षे शिकवण्यात गेली. पहिल्या वर्षाच्या मुलींना परिचर्येचा इतिहास शिकवण्याचे काम बहुधा माझ्याच वाट्याला येई, कारण दुसरे कोणी ते मागून घेत नसे. क्रिमियाचे युद्ध, हातात दिवा घेतलेली नाइटिंगेल, त्यानंतर भारतातील संस्थांची नावे आणि वर्षे, आणि परीक्षेत त्यावर एखादी टीप, एवढाच तो भाग. मीही तो तसाच शिकवला, याची आता थोडी लाज वाटते.

निवृत्तीनंतर वाचनाला सवड मिळाली तेव्हा एका गोष्टीपाशी मी थबकले. हुकूमशहा सालाझारच्या पोर्तुगालमध्ये इस्पितळात काम करणाऱ्या परिचारिकेला लग्न करण्याची मनाई होती आणि ती १९६३ पर्यंत चालू राहिली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, त्यानंतरही सव्वा वर्ष लिस्बनच्या परिचारिका अविवाहित राहण्याच्या अटीवरच नोकरी करत होत्या. ज्या राजवटीखाली माझे आईवडील वाढले, त्या राजवटीने माझ्या व्यवसायातल्या बायकांचे काय केले, हे मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी कळावे, याचे आश्चर्य वाटले.

तेव्हापासून वॉर्डातील आमच्या सवयींकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले आहे. आपण सहज 'कॅज्युअल्टी' म्हणतो, तो रणांगणावर कामी आलेल्या किंवा जखमी झालेल्या सैनिकांसाठीही वापरला जाणारा शब्द. मेट्रनची फेरी आली की खाटांची चाके एका दिशेला वळलेली असावीत, चादरींचे कोपरे एकाच कोनात दुमडलेले असावेत, डॉक्टर आले की उठून उभे राहावे, टोपीवरच्या पट्ट्यांवरून कोण कोणाच्या वरची ते कळावे, हे सारे आम्ही शिस्त म्हणून शिकलो आणि शिस्त म्हणूनच शिकवले. रुग्णाच्या बरे होण्याशी खाटेच्या चाकांचा काय संबंध, असे एका विद्यार्थिनीने मला विचारले होते. मी तिला गप्प बसवले.

माझे म्हणणे असे आहे की परिचर्येला आज्ञापालनाचे वळण युद्धाने लावले आणि पुढे त्याच वळणाचा उपयोग हुकूमशाही राजवटींनी करून घेतला. हे कितपत खरे आहे, यावर जाणकारांनी लिहावे.

कुळागर

आबोलीताई, विषय उत्तम आहे, पण आरंभ नाइटिंगेलपासून करायचा तर त्या आरंभाचीच थोडी झाडाझडती घ्यावी लागेल. ४ नोव्हेंबर १८५४ ला ती ३८ स्त्रियांसह स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोहोचली. त्यांतील निम्म्याहून अधिक जोगिणी किंवा धर्मसंस्थांतील भगिनी होत्या आणि पगारी परिचारिका केवळ १४. ती पोहोचल्यावर मृत्यूंचे प्रमाण घटले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते त्या हिवाळ्यात वाढतच गेले आणि १८५५ च्या फेब्रुवारीत शेकडा ४२ वर पोहोचले. मार्चमध्ये स्वच्छता आयोगाची माणसे आली, त्यांनी इमारतीखालची तुंबलेली गटारे साफ केली, पाणी आणि हवा खेळती केली, तेव्हा उन्हाळ्यापर्यंत ते प्रमाण शेकडा २ च्या आसपास उतरले.

नाइटिंगेलचे मोठेपण असे की युद्धानंतर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसून तिने हे आकडे तपासले आणि सैनिक जखमांपेक्षा घाणीने अधिक मेले, हे १८५८ मध्ये आकृत्या काढून सरकारपुढे मांडले. दिव्याचे चित्र आपण जपले आणि आकृत्या विसरलो. आकृत्या काढणारी बाई प्रश्न विचारणारी असते, त्यामुळे शाळेच्या भिंतीवर लावायला दिवा सोयीचा पडत असावा, असे मला उगीच वाटते.

त्याच युद्धात समोरच्या बाजूला, सेवास्तोपोलमध्ये, निकोलाय पिरोगोव या शल्यविशारदाच्या देखरेखीखाली रशियन भगिनींचा संघ काम करत होता. जखमींची आल्याआल्या वर्गवारी करणे, कोणाला तातडीने टेबलावर घ्यायचे आणि कोण थांबू शकतो हे ठरवणे, ही पद्धत त्याने तेथे कसोशीने राबवली. आपल्याकडे एखादी बस उलटली की कॅज्युअल्टीत हेच करावे लागते. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र क्रिमियाच्या युद्धाला एकच बाजू आहे.

आबोली_फोंडा

कुळागर, गटारांची गोष्ट मला ठाऊक होती, पण ती मी वर्गात सांगत नसे, कारण ती सांगितली तर आपल्या व्यवसायाचे महत्त्व कमी होईल असे वाटायचे. उलट आता वाटते की स्वच्छतेचे श्रेय गटार उपसणाऱ्यांना देऊनही परिचारिकेसाठी पुष्कळ उरते.

दप्तरखाना

आबोलीबाई, मी मडगावचा. वय ८४. लिसेवमध्ये (पोर्तुगीज माध्यमिक शाळेत) शिकलो, त्यामुळे पोर्तुगीज भाषेतील कागद वाचता येतात आणि दुसरे काही करण्याजोगे राहिलेले नसल्याने ते वाचत असतो. आपण उल्लेखिलेल्या बंदीविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

१९३३ च्या पोर्तुगीज राज्यघटनेत सर्व नागरिक कायद्यापुढे समान, असे म्हटले होते. स्त्रियांच्या बाबतीत मात्र त्यांच्या 'प्रकृतीमुळे' आणि 'कुटुंबाच्या हितासाठी' जो फरक पडेल तो वगळून, अशी पुरवणी त्याच वाक्याला जोडलेली होती. त्या आधारावर पुढे बरेच काही झाले. १९३६ पासून प्राथमिक शाळेतील शिक्षिकेला लग्नासाठी सरकारची परवानगी घ्यावी लागू लागली. १९३८ मध्ये लिस्बनच्या सरकारी इस्पितळांतील परिचारिकांवर बंधन आले आणि १९४२ च्या कायद्याने ते व्यापक झाले. इस्पितळातील परिचारिकेच्या कामावर घ्यायची ती स्त्री अविवाहित असावी किंवा निपुत्रिक विधवा असावी. त्याच वॉर्डात काम करणारा पुरुष परिचारक मात्र लग्न करू शके, त्याला मुलेबाळेही असू शकत. कुटुंबाच्या हितासाठी स्त्रीला वेगळे ठेवायचे आणि मग तिला कुटुंबच करू द्यायचे नाही, हा त्या राजवटीचा तर्क मला अजून उमगलेला नाही. परिचारिका ही घर नसलेली जोगीण असावी, तिने पाळीवर पाळी करावी आणि पगाराविषयी बोलू नये, एवढाच त्याचा व्यवहारातील अर्थ होता.

या बंदीविरुद्ध सह्या गोळा करणाऱ्यांत इझाउरा बोर्जिस कोएल्यू ही लिस्बनची तरुण परिचारिका पुढे होती. लग्नाच्या हक्काबरोबर कामाचे लांबलचक तास हीसुद्धा तिची तक्रार होती. १९५३ मध्ये तिला राजकीय पोलिसांनी, म्हणजे पीडने, पकडले आणि तिची पुढची काही वर्षे तुरुंगात गेली. १९४६ मध्ये आपल्या मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना पकडून पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात नेणारी राजवट हीच. आपण गोमंतकीय त्या राजवटीकडे केवळ आपल्या मुक्तिलढ्याच्या खिडकीतून पाहतो. एका परिचारिकेने लग्न करू द्या असा अर्ज फिरवणे हेसुद्धा तिला राज्याविरुद्धचे कृत्य वाटत होते, हे लक्षात घेतले म्हणजे गोव्यातील आग्वाद तुरुंगाच्या कोठड्यांचा अर्थ अधिक नीट कळतो.

आता यातील विचित्र भाग. १९६१ मध्ये अंगोलात युद्ध पेटले आणि त्याच वर्षी पोर्तुगालच्या हवाई दलाने परिचारिकांना पॅराशूटने उडी मारण्याचे प्रशिक्षण दिले. पहिल्या तुकडीत सहा जणी उत्तीर्ण झाल्या. साऱ्यांच्या नावात मारिया असल्याने त्यांना 'सहा मारिया' म्हणत. १९७४ पर्यंत अशा ४६ परिचारिका अंगोला, गिनी आणि मोझांबिक येथे जखमींना आणण्यासाठी गेल्या. विमानातून उडी मारण्याइतकी परिपक्व असलेली बाई नवरा निवडण्याइतकी परिपक्व आहे, हे मान्य करायला त्या सरकारला आणखी दोन वर्षे लागली. त्या काळात विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीवाचून परदेशी जाता येत नसे आणि ते बंधन १९६९ पर्यंत टिकले.

वाळपईवाला

दप्तरखाना काका, १९६३ मध्ये बंदी उठली ती सरकारला उपरती झाली म्हणून की परिचारिका मिळेनाशा झाल्या म्हणून?

दप्तरखाना

वाळपईवाले, परिचारिकांचा तुटवडा तिकडे जुनाच होता आणि १९६१ पासून आफ्रिकेत तीन आघाड्या एकामागून एक उघडत गेल्या. अविवाहित आणि निपुत्रिक अशा चाळणीतून जितक्या स्त्रिया गळून पडत तितक्यांची गरज वाढत होती. उपरतीचे कारण मला पटत नाही, कारण त्या राजवटीला इतर कोणत्याही बाबतीत ती झालेली दिसत नाही.

रात्रपाळी

मी बांबोळीला मनोरुग्णांच्या सेवेत अनेक वर्षे काढली आहेत, त्यामुळे या विषयातील जो भाग मला झोपू देत नाही तो लिहिते.

जर्मनीत सर्व देशाला लागू होणारा परिचर्येचा पहिला एकसारखा कायदा झाला तो १९३८ मध्ये, नाझी राजवटीत. प्रशिक्षण, परीक्षा आणि मान्यता यांना एक चौकट मिळावी, ही तेथील परिचारिकांची जुनी मागणी होती आणि ती पूर्ण केली हिटलरच्या सरकारने. त्याबरोबर आर्य वंशाचा दाखला आला आणि ज्यू परिचारिकेने फक्त ज्यू रुग्णांचीच सेवा करावी, असे बंधन आले. तपकिरी गणवेशामुळे 'तपकिरी भगिनी' म्हणून ओळखला जाणारा पक्षाचा स्वतःचा परिचारिका संघ १९३४ मध्येच उभा राहिला होता आणि त्याच्या सदस्या हिटलरशी निष्ठेची शपथ घेत. व्यवसायाला प्रतिष्ठा देणारा हात आणि त्याच्या गळ्याशी येणारा हात एकच असू शकतो, हे मला यातून दिसले.

पुढचे सांगताना हात थरथरतो. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांत तेथील मनोरुग्ण आणि अपंग अशा ७०,००० हून अधिक लोकांना सहा ठिकाणी वायू सोडून मारण्यात आले. ऑगस्ट १९४१ मध्ये ती मोहीम अधिकृतपणे थांबली आणि त्यानंतर मारण्याचे काम इस्पितळांच्या वॉर्डांतच सुरू राहिले. तेथे वायूची गरज नव्हती. झोपेच्या गोळ्यांची जादा मात्रा पाण्यात विरघळवून पाजली जाई किंवा इंजेक्शन दिले जाई, आणि ते देणारी परिचारिका असे. आज पोलंडमध्ये असलेल्या मेझेरिट्झ-ओब्रावाल्डे येथील इस्पितळात अशा रीतीने हजारो रुग्ण मारले गेले. तेथील डॉक्टर हिल्डे वेर्निके आणि परिचारिका हेलेन वीचोरेक यांना १९४६ मध्ये मृत्युदंड झाला. हाडामार येथील अशाच एका इस्पितळाच्या मुख्य परिचारिका इर्मगार्ड हुबर यांना अमेरिकन लष्करी न्यायालयाने १९४५ मध्ये २५ वर्षांची शिक्षा दिली. पुढे १९६५ मध्ये म्युनिकमध्ये ओब्रावाल्डेच्या चौदा परिचारिकांवर खटला चालला आणि चौदाही निर्दोष सुटल्या.

मी रोज संध्याकाळी औषधांची ट्रॉली घेऊन खाटेखाटेपाशी जात असे. रुग्ण पेला हातात घेई आणि माझ्याकडे न पाहता पिऊन टाकी, कारण सिस्टर देते ते औषधच असणार. ओब्रावाल्डेतही रुग्ण असेच प्याले असतील. काही परिचारिकांनी नकार दिला, काहींनी बदली मागून घेतली. पण रुग्णाला आधार देऊन उठवणे, पेला ओठांशी नेणे, धीराचे दोन शब्द बोलणे, ही जी आमची रोजची कौशल्ये, तीच बाकीच्यांनी तेथे वापरली.

आबोलीताईंच्या प्रश्नाचे उत्तर मला एका साध्या बदलात सापडते. जागतिक परिचारिका परिषदेने १९५३ मध्ये पहिली नीतिसंहिता स्वीकारली. तिच्यात अनैतिक कृत्यात भाग घेण्यास नकार द्यावा असे होतेच, परंतु डॉक्टरांच्या आज्ञा बुद्धीने आणि निष्ठेने पाळणे हे परिचारिकेचे कर्तव्य आहे, असेही त्याच कलमात होते. म्हणजे युद्ध संपून आठ वर्षे झाल्यावरही निष्ठा हा शब्द डॉक्टरांच्या आज्ञेला चिकटून होता. १९७३ च्या संहितेतून तो गेला आणि ज्यांना परिचर्येची गरज आहे त्यांच्याप्रती परिचारिकेची पहिली जबाबदारी आहे, असे वाक्य आले. न्युरेंबर्गच्या नाझी गुन्हेगारांवरील खटल्यांपासून या वाक्यापर्यंत पोहोचायला पाव शतकाहून अधिक काळ जावा लागला.

सांतिनेज

रात्रपाळी ताई, मी सध्या नोकरीत आहे आणि तिसऱ्या वर्षाला असताना नीतिसंहिता पाठ केली होती. १९५३ आणि १९७३ ही वर्षेही पाठ केली होती. त्या वीस वर्षांत काय बदलले, हे आज कळले.

पेडण्याची_लेक

मी लष्करी परिचर्या सेवेतून निवृत्त झालेली आहे. वरील सर्व वाचले आणि एक आक्षेप नोंदवावा असे वाटले. चर्चा अशा दिशेने चालली आहे की जे वाईट ते हुकूमशहांनी केले आणि आपण लोकशाहीतले लोक त्यापासून दूर आहोत. तसे नाही.

आधी पार्श्वभूमी. २८ मार्च १८८८ ला दहा प्रशिक्षित ब्रिटिश परिचारिका मुंबईच्या बंदरावर उतरल्या आणि भारतातील लष्करी परिचर्येचा आरंभ झाला. १९२६ मध्ये भारतीय लष्करी परिचर्या सेवा स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीमुळे मागणी वाढली आणि १९४३ च्या अध्यादेशाने आम्ही लष्कराचा भाग झालो, अधिकारपद मिळाले. खांद्यावरचे तारे आम्हाला युद्धाने दिले, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ब्रिटनमध्येही तेच झाले. परिचारिकांच्या नोंदणीसाठी तेथील स्त्रिया १८८७ पासून झगडत होत्या, खुद्द नाइटिंगेलचा त्या नोंदणीला विरोध होता, आणि कायदा झाला तो १९१९ च्या डिसेंबरात, पहिले महायुद्ध संपल्यावर. तीस वर्षांच्या युक्तिवादाने जे झाले नाही ते चार वर्षांच्या युद्धाने झाले.

आता आक्षेप. लिस्बनमधील बंदी १९६३ मध्ये उठली. आपल्या लष्करी परिचर्या सेवेत १९७७ ची एक सैन्य सूचना होती, जिच्यानुसार विवाह हे परिचारिका अधिकाऱ्याला सेवेतून कमी करण्याचे एक कारण होते. लेफ्टनंट सेलिना जॉन यांनी १९८८ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला आणि त्याच वर्षी त्यांना सेवेतून कमी करण्यात आले. विवाह करणाऱ्या पुरुष अधिकाऱ्याला असा काही नियम नव्हता. ती सूचना १९९५ मध्ये मागे घेतली गेली. सेलिना जॉन मात्र न्यायालयांच्या पायऱ्या चढत राहिल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उघड उघड मनमानी आणि लिंगभेदावर आधारलेला ठरवून त्यांना ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. १९८८ ते २०२४ म्हणजे छत्तीस वर्षे झाली.

१९८८ मध्ये दिल्लीत सालाझार नव्हता. निवडून आलेले सरकार होते, राज्यघटनेत समानतेचे कलम होते, वर्तमानपत्रे मोकळी होती. तरीही जो नियम लिस्बनमध्ये हुकूमशाहीचा नमुना म्हणून आपण वाचतो, तोच नियम आपल्या येथे आला आणि अठरा वर्षे टिकला, आणि आमच्यापैकी बहुतेकींनी तो नोकरीचा भाग म्हणून स्वीकारला. मीही तेव्हा सेवेत होते. आमच्या मेसमध्ये यावर कधी चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. एखादी जण लग्न ठरले म्हणून निघून जाई, आम्ही तिला भेटवस्तू देत असू आणि तिच्या जागी दुसरी येई.

आबोली_फोंडा

मेजरबाई (आपला हुद्दा मी अंदाजाने लिहिते आहे, चूक असल्यास क्षमा असावी), सेलिना जॉन यांचा निकाल मी वर्तमानपत्रात वाचला होता. वाचून पान उलटले. लिस्बनचा कायदा वाचून धागा काढला आणि घरचा कायदा वाचून पान उलटले, हे आपण दाखवल्यावर लक्षात आले. माझे मूळ विधान मला दुरुस्त केले पाहिजे. लग्न न केलेली, घराकडे ओढ नसलेली, केव्हाही कुठेही पाठवता येणारी बाई हवी, ही अपेक्षा बराकीतून आणि मठातून आली. हुकूमशाहीने ती उचलली, कायद्यात लिहिली आणि विरोध करणारीला कोठडी दाखवली. लोकशाहीने ती आपसूक वारशात घेतली आणि कोणी विचारेपर्यंत तशीच ठेवली.

पेडण्याची_लेक

हुद्दा बरोबर आहे. दुरुस्ती मान्य.

कुळागर

स्पेनचे एक उदाहरण जोडतो. तेथे फ्रँकोच्या राजवटीने १९५३ मध्ये परिचारिका, सुईणी आणि 'प्राक्तिकांते' म्हणून ओळखले जाणारे पुरुष सहायक, या तिन्ही शिक्षणांचे एकत्रीकरण करून आरोग्याचा तांत्रिक साहाय्यक अशी एकच पदवी ठेवली. 'परिचारिका' हे नावच अधिकृत पदवीतून गेले आणि उरला डॉक्टरांचा साहाय्यक. परिचर्येचे शिक्षण विद्यापीठात गेले ते १९७७ मध्ये, फ्रँको वारल्यावर. पोर्तुगालमध्येही १९७४ च्या क्रांतीनंतर आधी १९७९ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा आली आणि परिचर्या उच्च शिक्षणात गेली १९८८ मध्ये.

युद्धाची दुसरी बाजूही सांगायला हवी. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. त्यांच्या पत्नी क्वो छिंगलान या परिचर्या शिकवणाऱ्या होत्या, हे मात्र आपण क्वचितच सांगतो. त्यांचे लग्न १९४१ मध्ये आघाडीवरच्या इस्पितळातच जमले. इकडे लिस्बनमध्ये बाईला नोकरी की नवरा असा सवाल घातला जात होता, त्याच सुमारास तिकडे डोंगरात, जपानी फौजांच्या वेढ्यात, एक परिचर्या शिक्षिका लग्न करून शिकवतही होती.

वाळपईवाला

सारे युरोपचे आणि दिल्लीचे झाले. गोव्याचे काय? आमच्या सत्तरी तालुक्यात माझ्या आजीच्या वेळी बाळंतपण वैजिणीच्या, म्हणजे सुईणीच्या, हाती असे आणि इस्पितळ म्हणजे जिथून माणूस परत येत नाही ती जागा, अशी समजूत होती. परिचारिका गावात कोणी पाहिलीच नव्हती.

दप्तरखाना

वाळपईवाल्यांचे म्हणणे खरे आहे. गोव्यात डॉक्टर तयार करणारी वैद्यकशाळा १८४२ पासून होती आणि तिच्यातून बाहेर पडलेले आपले डॉक्टर मोझांबिक, अंगोला येथपर्यंत साम्राज्याच्या कामाला पाठवले गेले. मडगावचे हॉस्पिसियो इस्पितळ पाद्री मिरांदा यांनी १८६७ मध्ये सुरू केले. म्हापशात आझिलो इस्पितळ होते. रुग्णसेवा हे दानधर्माचे आणि जोगिणींचे काम, अशीच एकूण धारणा होती. लिस्बनमधील कायद्याने परिचारिकेकडून जोगीणपणाची अपेक्षा केली, तेव्हा ती आपल्याकडे कोणाला विचित्र वाटली नसती.

आबोली_फोंडा

वाळपईवाल्यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे इतिहासाच्या रूपात नाही, घरातल्या एका माणसाच्या रूपात आहे, म्हणून थोडे लांबून सांगते.

माझी आत्या १९५३ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, परिचारिका होण्यासाठी मुंबईला गेली. गोव्यात तिला ही वाट दिसत नव्हती आणि मुंबईत आमचे एक नातेवाईक होते. घरात मोठा गहजब झाला. परक्या पुरुषांचे अंग पुसणे, मलमूत्राची भांडी उचलणे, रात्रीबेरात्री घराबाहेर राहणे, हे ब्राह्मणाच्या मुलीने करायचे म्हणजे काय, असे लोक आजोबांना तोंडावर म्हणत. त्या काळी भारतात परिचारिका किती कमी होत्या, हे आज ऐकून पटत नाही. युद्धाच्या धामधुमीत, १९४३ मध्ये, आरोग्यसेवेच्या पाहणीसाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असल्याचे नोंदवले होते, साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून सुमारे ७,०००. त्यानंतर १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि देशभर शिक्षणाला एक माप आले. आत्याला तिच्या इस्पितळाने घेतले ते अशा टंचाईच्या काळात. तिच्या तुकडीत हिंदू मुली मोजक्याच होत्या, बहुतेक ख्रिस्ती.

तिचे तीन वर्षांचे प्रशिक्षण चालू असताना १९५५ चा ऑगस्ट आला. सीमेवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला, भारताने सीमा बंद केली, रेल्वे थांबली. पत्रे महिनोन्‌महिने येत नसत आणि आली तर फोडलेली असत. १९५७ मध्ये आजोबा वारले, ते तिला तेराव्यानंतर बऱ्याच दिवसांनी कोणा खलाशाकडून कळले. आमच्या घरातील बायका सांगत की त्या दिवशी तिची रात्रपाळी होती आणि ती केली. मी लहानपणी हे कौतुकाने ऐकले. नंतर मुलींना उदाहरण म्हणून वर्गात सांगितलेही. आता हा धागा लिहिताना मला प्रश्न पडतो की ती पाळी तिने स्वतःहून केली की सुट्टी मागण्याची सोयच नव्हती. विचारायला ती आज नाही.

रात्रपाळी

आबोलीताई, दोन्ही असू शकते. वडील गेले तेव्हा मीही ड्यूटीवर गेले होते. घरी बसून काय केले असते, हे मला सुचत नव्हते. कोणी सक्ती केली नव्हती, आणि सक्ती केलेली नाही हे कोणी सांगितलेही नव्हते.

सांतिनेज

आत्या गोव्यात परत आल्या का? आणि त्यांनी लग्न केले का, हे विचारले तर चालेल का?

आबोली_फोंडा

सांतिनेज, चालेल की. ती १९६२ च्या जानेवारीत परत आली. पोर्तुगीज सैनिक अजून युद्धकैदी म्हणून नावेली, फोंडा येथील छावण्यांत होते आणि मे महिन्यापर्यंत त्यांची रवानगी चालू होती. परत येताना तिच्या पेटीत तिचा गणवेश, सुईणकामाचे प्रमाणपत्र आणि इस्पितळाने दिलेला बिल्ला होता. पुढच्या वर्षी जुन्या वैद्यकशाळेचे गोवा मेडिकल कॉलेज झाले आणि प्रशिक्षित परिचारिकांना मागणी आली. तिला पणजीत नोकरी मिळत होती. तिने लग्न केले, तेही तिच्या मर्जीने आणि अट्ठाविसाव्या वर्षी, जे तेव्हा उशिराचे मानले जाई. नवरा आमच्याच गावचा शिक्षक होता, म्हणून पणजीची नोकरी तिने घेतली नाही आणि गावातच राहिली.

आमच्या वाड्यावरच्या लोकांना नर्स हा शब्द जड जाई. शिक्षण, परीक्षा, बिल्ला, इस्त्रीची टोपी या साऱ्याचा पत्ता नसलेल्या बायका मध्यरात्री कंदील घेऊन दारात येत आणि हाका मारत, 'मुंबयचे वैजिणी, उठ गो.' ती त्या हाकेला ओ देई आणि आधी चुलीवर पाणी उकळायला ठेवून मग चपला शोधायला लागे.